दोन ठोके

सुट्टीच्या दिवशी माझे डोळे पाचलाच उघडतात. एरवी गजर घसा फोडून ओरडला तरी मी हलत नाही, पण सुट्टी म्हटली की टक्क जागी. त्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. पाचला उठले आणि साडेआठपर्यंत घरातल्या घरात इतके चालले की सरळ चालले असते तर शेजारच्या गावाला पोचले असते. ओटा दोनदा पुसला. पडदे काढले, धुवायचा कंटाळा आला म्हणून तसेच परत लावले. बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली.

बॅग बाबांची होती. अकरा वाजता धाकटा गाडी घेऊन येणार होता. धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याचेही केस पिकायला लागलेत, पण घरात त्याला अजून तेच नाव आहे. आम्ही दोघं मिळून बाबांना शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात सोडणार होतो. तिथे आठवण गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी वेगळा मजला आहे. एक खाट रिकामी झाली होती. आज आणलंत तर तुमची, नाहीतर यादीतलं पुढचं नाव, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. अर्जावर सही माझी होती, कारण धाकटा म्हणाला, "ताई, सांभाळतेस तू, तेव्हा शेवटचा शब्द तुझा." असला मोठेपणा द्यायला त्याच्याइतकं तत्पर कोणी नाही.

आठवड्यापूर्वी आम्ही ती जागा बघून आलो होतो. स्वच्छ होती, खोटं कशाला बोलू? खिडकीतून झाडं दिसत होती. मजल्याच्या दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप होतं, आणि दाराच्या आतल्या बाजूला मऊ गादी ठोकलेली होती. "कोणी डोकं आपटलं, हात आपटला तरी लागत नाही, आवाजही होत नाही," तिथल्या बाई म्हणाल्या. धाकट्याने कौतुकाने त्या गादीवर बोटं दाबून बघितली. मीही बघितली.

बाबा एकतीस वर्षं बसचे कंडक्टर होते. गेली तीन वर्षं त्यांना कालचं आठवत नाही, माझं नाव दिवसाआड आठवतं, पण त्यांच्या मार्गावरचे सगळे थांबे क्रमाने तोंडपाठ आहेत. सकाळी उठले की "माझी ड्यूटी आहे" म्हणून निघायला बघतात. एकदा घाईत मी बाहेरून कडी घालायला विसरले, आणि ते निघून गेले. पाच तासांनी सापडले ते बसच्या आगारात, गाड्या धुतात तिथे. पायात काही नाही, तळव्यांना फोड आलेले. एका रिकाम्या गाडीच्या दारात उभे राहून ते ओरडत होते, "पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा आहे!" मला आधी हसू फुटलं. मग मी त्या गाडीच्या पायरीवर बसून मनसोक्त रडले.

तेव्हापासून कुलूप. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंग तपासते. गोळ्यांच्या पट्टीत एखादं घर रिकामं राहिलं असेल तर ती पट्टी बाजूला काढायची, दिवसभर एवढंच. सात चाळीसला निघते, साडेसहाला येते. जाताना बाहेरून कडी घालायची आणि कुलूप दाबायचं. एक किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी समोरच्या वहिनींकडे. त्या दुपारी एकला येऊन बाबांना वाढतात, दहा मिनिटं बसतात आणि पुन्हा कुलूप लावून जातात. मी घरी असले की ते कुलूप बाहेर कोयंड्याला उघडं लटकत असतं. बाबा हरवले त्या दिवशी वहिनींनी इतका धसका घेतला की उघडं कुलूप दिसलं रे दिसलं की त्या कडी घालून ते दाबतात. माझ्या विसराळूपणावर तो त्यांनी काढलेला उपाय. मला तो पसंतच होता. आठवड्यातून दोनदा तरी त्या मला वाचवायच्या.

पावणेनऊला खाली अंगणात भोंगा सुरू झाला. नऊला झेंडा फडकणार होता. "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" असं एक जण तीन-तीनदा विचारत होता, चार गल्ल्यांना ऐकू जात होतं, त्यालाच तेवढी शंका. जिन्यावर सगळ्या बिऱ्हाडांची पळापळ चालली होती. मला वाटलं, धाकटा यायच्या आत अर्धा तास बाहेर पडावं. कुठे असं नाही. रस्त्याच्या टोकापर्यंत जावं, उभं राहावं, परत यावं. कोणाला उत्तर न देता चार पावलं टाकावीत. मी चपला घातल्या. बाबा खुर्चीत बसले होते, स्वच्छ दाढी केलेले, माझ्याकडे परक्या पाहुण्याकडे बघावं तसं नम्रपणे बघत.

बाहेर खट् असा आवाज झाला. तो आवाज मी रोज ऐकते. आतून कधी ऐकला नव्हता.

दार ओढलं. हललं नाही. "वहिनी!" मी ओरडले. "अहो वहिनी, मी घरात आहे!" पण त्यांच्या चपला जिना उतरत होत्या, आणि भोंग्यावर नेमकं गाणं लागलं. झेंड्याला उशीर होतोय, उघडं कुलूप दिसतंय, हात आपोआप गेला. आज सुट्टी आहे, ही घरी आहे, एवढा विचार करायला हाताला डोकं कुठे असतं?

मी फोन लावला. समोरच्या बंद दाराआड त्यांचा फोन वाजला. मला इथून ऐकू येत होता. तीनदा लावला, तीनदा त्यांच्या स्वयंपाकघराने ऐकला. माझी किल्ली पर्समध्ये होती, पण कुलूप बाहेर. दाराखालून सरकवली तरी उचलायला बोळात चिटपाखरू नव्हतं. खिडक्या मागच्या बाजूला, आणि मागे फक्त भिंत. धाकट्याला फोन केला.

"ताई, अगं संचलनासाठी रस्ते बंद केलेत. मला अकराच्या आत जमत नाही."

"मला कोंडलंय इथे!"

"घरातच आहेस ना?" तो म्हणाला. "मग कसली घाई? जरा पाठ टेक. बॅग तयार आहे ना?"

मी फोन पलंगावर फेकला आणि दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागले. नुसतं बडवलं नाही, लाथही मारली. शेहेचाळीस वर्षांची बाई, एरवी लोकांना शांत राहायला सांगणारी. पाच मिनिटंही झाली नसतील, पण माझा श्वास वर-वर होत होता. घरात पाणी होतं. पंखा चालू होता. जेवण झाकून ठेवलं होतं. रोज निघताना मी बाबांना हेच म्हणायचे, सगळं आहे की घरात, काय कमी आहे तुम्हाला?

"बाई," मागून आवाज आला, "दार आपटून गाडी निघत नसते."

बाबा उठून उभे राहिले होते.

"बाबा, मी आहे."

"असाल. पण बसून घ्या. उभ्या माणसाला धक्का लागतो." त्यांनी खुर्ची ओढत दाराशी आणली, बसायची जागा हाताने झटकली आणि मला खूण केली. "बसा. बायकांचीच जागा आहे."

मी बसले. काय करणार? मला बसवून ते स्वतः दाराशी उभे राहिले, एक हात चौकटीच्या वरच्या अंगाला, जणू तिथे दांडी आहे. दुसऱ्या हाताची बोटं मुडपून त्यांनी दारावर दोन ठोके मारले. ठक, ठक. जोरात नाहीत, हलकेही नाहीत. मग कान देऊन थांबले. थोड्या वेळाने पुन्हा. ठक, ठक.

"हे काय करताय?"

"डबल बेल दिली." माझ्या अडाणीपणाची त्यांना कीव आली असावी. "ड्रायव्हरला मागचं काय दिसतं? दोन दिल्या की निघायचं. कंडक्टरने डबल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, मग आत साहेब बसलेला असो नाहीतर कोणी."

"आणि डबल देऊनही निघाली नाही तर?"

"निघते हो! पुढे काहीतरी आडवं आलं असेल. ड्रायव्हर चांगला आहे आपला." त्यांनी दाराकडे बघितलं. "रोज निघते. जरा उशीर होतो, पण साडेसहाला निघतेच."

साडेसहाला मी येते.

माझी नजर त्यांच्या बोटांवर गेली आणि तिथून दारावर. खांद्याच्या उंचीवर दाराचा हिरवा रंग उडाला होता. बशीएवढा गोल, खालचं लाकूड उघडं, आणि मधोमध दोन ठिकाणी जरासं खोलगट. तो डाग मी वर्षभर बघत होते. ओल आली असेल म्हणून रंगाऱ्याला बोलवायचंही मनात होतं. कारखान्यात एक गोळी कमी असलेली पट्टी हजारांतून माझ्या डोळ्यांना सापडते, आणि घरातला हा डाग मी ओल समजले. माझी मलाच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी उठले, खिडकीशी गेले, परत आले, पाणी प्यायले, पुन्हा खिडकीशी गेले.

खाली भाषण सुरू झालं होतं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष दरवर्षी बोलतात. "स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे!" टाळ्या. हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. स्वातंत्र्य काय नव्हे ते सगळ्यांना पाठ असतं. काय असतं ते विचारलं की घसा खाकरतात. मीच शाळेत या विषयावर निबंध लिहून पहिला नंबर काढला होता. चार पानं लिहिली होती म्हणे. बाबांनी ती वही आगारात नेऊन सगळ्या ड्रायव्हरांना वाचून दाखवली होती. आज कोणी विचारलं असतं तर मी एवढंच लिहिलं असतं की मला रस्त्याच्या टोकापर्यंत जायचं आहे आणि जाता येत नाही. आणि वाट काही आजच्या या कुलपानेच अडवली होती असं नाही. खरं सांगायचं तर गेले सात दिवस मी बाबा आश्रमात गेल्यानंतरच्या संध्याकाळींचंच चित्र मनात रंगवत होते. कामावरून सुटून सरळ घरी न येणं. मैत्रिणीकडे जेवायला थांबणं. घड्याळ न बघणं. मला ते हवं होतं. अजूनही हवं आहे. त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही.

"बाई, तुम्हाला कुठे उतरायचंय?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"तिकीट कुठलं देऊ मग?" ते मनापासून पेचात पडले. मग म्हणाले, "बसा. शेवटपर्यंत चला. तोवर आठवेल."

त्यांनी पुन्हा दोन ठोके मारले. मी मोजायचं नाही ठरवलं होतं, तरी कान तिकडेच लागले होते. दोन-दोनच. कधी एक नाही, कधी तीन नाहीत. न राहवून मी विचारलं, "एक कधी देता?"

"माणूस राहिला की." हे त्यांनी पटकन सांगितलं. "गाडी सुटते आणि मागून एखादी बाई पळत येत असते. मूल कडेवर, पिशवी हातात, ओरडायला दम नाही. ड्रायव्हरला ती दिसत नाही. मला दिसते. तेव्हा एक द्यायची. एक दिली की थांबायचं, मग कितीही उशीर होवो." त्यांनी चौकटीवरचा हात बदलला. "एकतीस वर्षांत मी माणूस टाकून गाडी नेली नाही. विचारा कोणालाही."

"विचारायला कशाला हवं?" मी म्हटलं.

अचानक त्यांनी कान टवकारले. "समोरची बाई आली. उजवा पाय जड टाकते." मला काही ऐकू येत नव्हतं. वहिनींच्या चपला बोळात यायला त्यानंतर पुरतं मिनिट गेलं. या माणसाने जिन्यावरची पावलं अशी शिकून घेतली होती. दुसरं करायला होतं काय त्यांना?

"वहिनी!"

"अगं बाई! तू आत?" किल्ली खळखळली, दार उघडलं. वहिनी कपाळाला हात लावून उभ्या. "माझा मेला हात! दिसलं उघडं आणि दाबलं. दीड तास कोंडलं गं तुला. ओरडली नाहीस का?"

"ओरडले. ठोकलंही."

"त्या भोंग्याने काही कळू दिलं नाही." मग त्या जराशा थांबल्या आणि डागाकडे न बघता म्हणाल्या, "आणि ठोकण्याचं म्हणशील तर... आमच्याकडे ते रोज दिवसभर ऐकू येतं. आता कानाला कळतही नाही."

"मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तू काय नोकरी सोडणार होतीस? उगाच तुझ्या जिवाला घोर."

त्या कुलूप कोयंड्याला अडकवून, किल्ली कमरेला खोचून आपल्या दाराकडे वळल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. धाकटा खाली आला होता, रस्ते लवकर मोकळे झाले म्हणून खुशीत होता. "ताई, गाडी फाटकाशीच उभी केलीय, मागे लोक हॉर्न मारताहेत. बॅग आण चटकन, बाबांना मी वर येऊन नेतो."

"बाबा, चपला घाला," मी म्हटलं. "मी बॅग खाली देऊन आलेच." बॅग उचलली, पर्स तशीच पलंगावर राहिली. डोक्यात नुसता कल्लोळ होता. हॉर्न, टाळ्या, साडेसहा, खाट, पुढचं नाव. बाहेर आले, दार ओढलं आणि जिन्याकडे वळले.

दोन पायऱ्या उतरले असेन.

आतून ठोका आला. एक.

मी थांबले. दुसऱ्याची वाट बघितली. दुसरा आला नाही. वळून बघितलं तर कडी घातलेली होती आणि कुलूप दाबलेलं. मी दाबलं होतं. मला आठवतसुद्धा नव्हतं. दीड तासापूर्वी तेच दार बडवणाऱ्या माझ्या हाताने, सुटून पाच मिनिटं होत नाहीत तोच, बाबांना कोंडलं होतं, आणि माझ्या कानाने तो खट् ऐकलाही नव्हता.

समोरच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"वहिनी, किल्ली द्या," मी म्हटलं. "माझी आत राहिली."

त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "असू दे," त्या हळूच म्हणाल्या. "हाताला सवय होते गं."

ते "असू दे" मला सगळ्यात लागलं. मी कुलूप उघडलं. बाबा एका पायात चप्पल घालून दारात उभे होते, हात अजून वर उचललेला. घाबरलेले नव्हते, रागावलेले नव्हते. चुकलेल्या ड्रायव्हरला सांगावं तसं म्हणाले, "माणूस राहिलाय."

"हो," मी म्हटलं. "दिसला."

मला त्या मजल्याचं दार आठवलं. आतून मऊ गादी ठोकलेलं. तिथेही ते उभे राहतील, डबल देतील, आणि आवाजच येणार नाही. मग एक देतील. तोही कोणाला ऐकू येणार नाही. आणि बाबा म्हणत राहतील, ड्रायव्हर चांगला आहे आपला.

मी बॅग आत ठेवली. दुसऱ्या पायातली चप्पल त्यांना घातली. कुलूप कोयंड्यावरून काढून पर्समध्ये टाकलं, दार नुसतं ओढून घेतलं आणि त्यांचा हात धरून जिना उतरले. हे कोणत्याही शौर्यापोटी चाललेलं नव्हतं, मला भयंकर भीती वाटत होती.

धाकट्याने रिकामे हात बघितले. "बॅग?"

"वरच आहे."

"ताई." तो गाडीतून उतरला नाही, नुसतं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "ती खाट जाईल."

"जाऊ दे."

"आणि उद्या सात चाळीसला काय करशील? पुन्हा कुलूप?"

"उद्या रजा टाकते. परवा तू टाक. तेरवा काय ते मला माहीत नाही." माझा आवाज चढला. "ओरडू नकोस माझ्यावर. तू म्हणतोस ते सगळं खरं आहे. ते मला कळत नाही असं नाही, मला आज ते करता येत नाही."

"मी कुठे ओरडतोय?" तो म्हणाला. ओरडत खरंच नव्हता. तोच रडवेला झाला होता.

मी बाबांना मागच्या सीटवर बसवलं आणि शेजारी बसले. मागे हॉर्नचा गदारोळ चालला होता. अंगणातला भोंगा आभार मानत होता. बाबांनी मागच्या काचेतून रस्ता नीट न्याहाळला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोणी पळत येतंय का ते. मग माझ्याकडे बघितलं, दार ओढून खात्री केली आणि काचेवर बोटं वाजवली. ठक, ठक.

"हे काय आता?" धाकट्याने आरशातून विचारलं.

"निघ म्हणताहेत."

"अगं पण कुठे?"

ते मला ठाऊक नव्हतं. थांबे बाबांना पाठ होते.